कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल किती, आणि किती दाबाने?

कार्बोरेटरच्या इंजिनाला पेट्रोलचा दाब असा फारसा लागतच नाही. फ्लोटची वाटी ठरलेल्या पातळीपर्यंत भरलेली राहिली की भागते. तिथून पुढचे पेट्रोल इंजिनाची ओढ स्वतःच जेटमधून खेचून घेते. वाटीतून जेवढे पेट्रोल गेले तेवढे लगेच परत भरायचे, एवढेच पंपाचे काम. गाडी कंपनीने दिली तशी असेपर्यंत याचा विचार कोणी करत नाही. जिप्सीत एस्टीमचे १३०० सीसीचे इंजिन बसले, मारुती ८०० वर मोठा कार्बोरेटर चढला किंवा पद्मिनीचे बोअर वाढवून कॅम बदलला, की तक्रारी सुरू होतात. सातारा-सांगलीकडच्या गाडीवाल्यांचा नेहमीचा प्रश्न असा: सपाटीला गाडी छान पळते, घाटात तिसऱ्या गिअरला दम टाकते, जास्त प्रेशरचा पंप टाकू का?

बहुतेक वेळा याचे उत्तर ‘नको’ असे असते. दाब वेगळा आणि पुरवठा वेगळा. वाढलेल्या इंजिनाला जास्त लिटर हवे असतात, दाब मात्र पूर्वीइतकाच पुरतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आधी खर्च होतो, मग गाडी ओव्हरफ्लो होते, आणि शेवटी चांगल्या कार्बोरेटरला दोष दिला जातो.

आधी लिटर मोजावेत

अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.३ लिटर पेट्रोल जाळते. हिशेब तोंडी करता येतो:

- मूळ अवस्थेतील मारुती ८०० किंवा पद्मिनी, सुमारे ४० हॉर्सपॉवर: तासाला १२ लिटर
- एस्टीमचे १३०० सीसीचे इंजिन, सुमारे ६५ हॉर्सपॉवर: तासाला २० लिटर
- हेड, कॅम आणि जोड कार्बोरेटर करून १०० हॉर्सपॉवरपर्यंत नेलेले इंजिन: तासाला ३० लिटर

तासभर पूर्ण अॅक्सिलरेटरवर कोणीच गाडी चालवत नाही, हे खरे. पण फ्लोटच्या वाटीत कटिंग चहाइतकेच पेट्रोल मावते. ६५ हॉर्सपॉवरचे इंजिन जोरात असताना ते दहा-पंधरा सेकंदांत संपवते. म्हणून सपाटीवरच्या ओव्हरटेकला गाडी कमी पडत नाही आणि पसरणी घाटातल्या लांब चढाला पडते: ओव्हरटेक वाटीतल्या साठ्यावर होऊन जातो, चढ पंपाच्या जिवावर काढावा लागतो.

पुरवठा मोजायला खुणा केलेली बाटली आणि घड्याळ पुरते. इंजिन थंड असताना, गाडी उघड्यावर उभी करून, कार्बोरेटरला येणारी नळी काढावी आणि तिचे तोंड बाटलीत सोडावे. इलेक्ट्रिक पंप असेल तर नुसता पंप चालवावा. मेकॅनिकल पंप असेल तर इंजिन सुरू करावे. वाटीतल्या पेट्रोलवर ते आयडलला तेवढा वेळ सहज चालते. अर्धा मिनिट पेट्रोल घेऊन मोजावे. ६५ हॉर्सपॉवरला अर्ध्या मिनिटात १७० मिलिलिटर ही जेमतेम गरज; दीडपट राखीव धरून २५० मिलिलिटर यायला हवे. १०० हॉर्सपॉवरला ४०० च्या आसपास. जवळ कोणी विडी ओढत नाही ना आणि अग्निशामक हाताशी आहे ना, हे आधी पाहावे. एका गोष्टीकडे डोळे लावून बसावे: धार सलग येते की बुडबुड्यांसकट. बुडबुडे आले तर टाकी आणि पंप यांच्यामध्ये कुठेतरी हवा ओढली जात आहे.

धार कमी भरली तरी लगेच पंप विकत घेऊ नये. टाकीकडून सुरुवात करून पुढे यावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल, तर वीस-पंचवीस मिनिटे चालून गाडी बंद पडते आणि झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज येतो. हा दोष फुकटात दूर होतो. त्यानंतर टाकीतल्या नळीची जाळी पाहावी. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ती गंजाच्या लाल गाळाने भरलेली सापडते. मग रबरी नळीचे तुकडे: बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून सुजून अर्धी बंद झालेली असते, म्हणून ती कापूनच पाहावी. फिल्टर त्यानंतर. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी. एलपीजी किट असलेल्या गाडीत पेट्रोलच्या नळीवर बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्हही पाहावा. त्याचे भोक बारीक असते आणि वाढलेल्या इंजिनाला ते अपुरे पडू शकते.

दाब: टायरचा दहावा हिस्सा

टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली जाते. कार्बोरेटरला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. साधारण मर्यादा अशा:

- एसयू: दीड ते तीन पीएसआय
- सोलेक्स: दोन ते तीन
- वेबर: अडीच ते साडेतीन
- होली जातीचे मोठे अमेरिकन कार्बोरेटर: पाच ते सात
- मोटारसायकलचे कार्बोरेटर ओळीने बसवले असतील तर: एक ते दोन, कारण ते मुळात टाकीतून आपोआप उतरणाऱ्या पेट्रोलसाठी बनवलेले असतात

मारुती गटातले मूळ मेकॅनिकल पंप तीन ते पाच पीएसआयच्या घरात दाब देतात, आणि त्यांचे स्वतःचे कार्बोरेटर तो पेलतात. त्याच पंपावर वेबर चढवला तर तो काठावर असतो.

मर्यादा ओलांडली की काय होते, ते फ्लोटकडे पाहिले की कळते. पेट्रोलचा दाब वाटीच्या तोंडाशी असलेली नीडल खाली ढकलतो आणि पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट ती वर दाबून धरतो. दाब दुप्पट झाला की नीडल बंद ठेवायला फ्लोटला दुप्पट जोर लागतो. तो जोर येण्यासाठी फ्लोट पेट्रोलमध्ये अधिक बुडावा लागतो, म्हणजे वाटीतली पातळी चढते. आयडलला गाडी काळा धूर टाकते, प्लग काजळतात, ॲव्हरेज पडते. आणखी दाब वाढला तर नीडल हारच मानते आणि पेट्रोल व्हेंटमधून गरम मॅनिफोल्डवर सांडते. इंजिनाला आग लागण्याच्या कारणांत हे अगदी वरचे आहे.

एमपीएफआय गाडीच्या टाकीतला पंप स्वस्तात मिळतो म्हणून कार्बोरेटरला जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो पंप तीन बारपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक पीएसआय दाब देण्यासाठी बनवलेला असतो. साधा दोन तोंडांचा रेग्युलेटर लावून त्याला तीनवर आणणे म्हणजे धरणाच्या दरवाजावर घरातला नळ बसवणे. तो कधी ना कधी निसटतो, आणि निसटतो तो गाडी चालू असतानाच.

रेग्युलेटर लावायचाच असेल तर परतीची नळी असलेला घ्यावा. जादा पेट्रोल टाकीकडे परत जाते, दाब स्थिर राहतो आणि पेट्रोल एका जागी तापत बसत नाही. मारुतीच्या जुन्या कार्बोरेटर गाड्यांत परतीची नळी मुळातच असते. इंजिन बदलताना ‘हिचे काय काम?’ म्हणून ती बुजवली जाते, तसे करू नये. रेग्युलेटर कार्बोरेटरजवळ असावा, पण एक्झॉस्टच्या बाजूला नको. गेज ० ते १५ पीएसआयचा घ्यावा. ० ते १०० च्या गेजवर तीन आणि पाच यांतला फरक काट्याच्या जाडीत बुडून जातो.

गेज काय सांगतो

पेट्रोल भरलेली गेजची नळी गाडीच्या आत कधीही आणू नये. बॉनेटखाली सेन्सर बसवून आत फक्त वायर आणणारा इलेक्ट्रिक गेज वापरावा. मग मोकळा, लांब चढ निवडून गाडी जोरात न्यावी आणि सोबत बसलेल्याने काटा पाहावा.

काटा हळूहळू शून्याकडे उतरला आणि त्याच वेळी गाडी दम टाकू लागली, तर पुरवठा कमी आहे. वर सांगितलेली टाकीपासूनची तपासणी करावी. काटा जागेवर राहिला आणि तरी गाडी मिसिंग करते, तर पंपाला हात लावू नये. दोष पुढे आहे: मेन जेट लहान, फ्लोटची पातळी कमी, नीडल-सीटचे भोक बारीक, किंवा इग्निशनमध्येच घोळ. वाढलेल्या इंजिनावर जुन्याच भोकाचे नीडल-सीट ठेवले जाते, ही चूक फार दिसते. पंप कितीही चांगला असला तरी दार अरुंद असेल तर पेट्रोल आत शिरणार नाही. त्या कार्बोरेटरसाठी मोठ्या मापाचे सीट मिळते का, ते पाहावे. मात्र सीट मोठे केले की नीडलवरचा जोरही वाढतो, तेव्हा दाब खालच्या मर्यादेकडे ठेवावा. काटा थरथरत असेल तर नळीत हवा किंवा वाफ आहे.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असल्याने कोणतीही कार्बोरेटरची गाडी थोडी रिच चालते आणि ताकदही कमी देते. पुण्या-साताऱ्याला लावलेले ट्यूनिंग वर जाऊन बिघडल्यासारखे वाटले, म्हणून रेग्युलेटर फिरवत बसू नये. खाली उतरल्यावर गाडी आपोआप ताळ्यावर येते.

पंप कोणता, आणि कुठे

साठ-सत्तर हॉर्सपॉवरपर्यंत चांगल्या अवस्थेतला मेकॅनिकल पंप पुरतो, आणि शक्यतो तोच ठेवावा. इंजिन थांबले की तो थांबतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्यात. पंपाखालच्या स्पेसरची आणि पॅकिंगची जाडी बदलली की दांड्याची चाल बदलते, आणि त्याबरोबर दाब व पुरवठाही. पद्मिनीचा पंप काढून परत बसवताना पॅकिंगची जाडी सहज ‘अंदाजे’ होते, ती तशी होऊ देऊ नये. दुसरे, डायफ्राम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी चढलेली दिसली, तर गाडी सुरूच करू नये.

त्यापुढे इलेक्ट्रिक पंप लागतो. कार्बोरेटरसाठी बनवलेला, कमी दाबाचा घ्यावा. अडीच ते चार पीएसआयचा मिळाला तर रेग्युलेटरचीही गरज अनेकदा राहत नाही. तो बसवण्याची जागा कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. किर्लोस्करवाडीचे पंप ज्या जिल्ह्यात बनतात, तिथे मोटार पाण्याजवळ ठेवायची आणि पुढे कितीही लांब ढकलायचे, हे पोरासोरांना ठाऊक असते. सक्शनची पाइपलाइन लांब झाली किंवा कुठे हवा धरली की मोटार नुसतीच फिरते. पेट्रोलचेही तसेच, उलट जास्तच, कारण पेट्रोल ओढले की त्याची वाफ होते. पंप टाकीशेजारी, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याहून खाली बसवावा. टाकी आणि पंप यांच्यामध्ये मोठ्या जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. बॉडीवर रबराचे बुश घालून कसावा, म्हणजे टकटक आत येत नाही. नळी आठ मिलिमीटर आतील व्यासाची. सहाची परतीला चालते. चाकाने उडवलेला दगड लागेल किंवा सायलेन्सरची आच पोचेल अशा जागी नळी नेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. इलेक्ट्रिक पंप चावीवर सरळ जोडू नये. गाडी उलटली, इंजिन बंद पडले आणि चावी ‘ऑन’च राहिली, तर तुटलेल्या नळीतून पंप टाकी रिकामी होईपर्यंत पेट्रोल फवारत राहतो. जोडणीत चार वस्तू हव्यात: रिले, बॅटरीजवळ फ्यूज, ऑइल प्रेशर स्विच (इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंप बंद) आणि धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच. सुरुवातीला वाटी भरण्यासाठी स्टार्टरच्या वेळी पंपाला करंट मिळेल अशी वायरिंग असावी. वायरमन ‘कशाला एवढे’ म्हणाला, तर वायरमन बदलावा.

उसाचे पेट्रोल

सातारा-सांगलीत साखर कारखान्यांच्या धुराड्यांबरोबर डिस्टिलऱ्याही उभ्या आहेत. शेतातला ऊस आता टाकीत येतो. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. एमपीएफआय येण्यापूर्वीच्या, म्हणजे साधारण २००० सालाआधीच्या गाड्यांचे रबर, कॉर्कची पॅकिंग आणि डायफ्राम या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. नळ्या मऊ पडतात, काळा चुरा सुटतो, तो नीडलखाली अडकतो आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. मालक पंपाला शिव्या देतो. सर्व रबर एकदाच बदलावे. नळीवर ‘एसएई जे-३० आर-९’ असे छापलेले पाहून घ्यावी. पंपाचा डायफ्राम आणि नीडल इथेनॉलला टिकणारी मागावी. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची नळी स्वस्त आणि देखणी असते, पण महिन्या-दोन महिन्यांत ती कडक होऊन सुटते.

इथेनॉलमुळे मिश्रण लीनही होते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागते, आणि ते दाब वाढवून मिळत नाही, जेट वाढवून मिळते. शुद्ध पेट्रोलवर १२० चा मेन जेट बरोबर होता, तर १२५ पासून सुरुवात करून प्लगचा रंग पाहावा. वरच्या लिटरच्या हिशेबातही तेवढी भर घालावी.

पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवू नये. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि पंप नेमके तेच आधी ओढतो. फिल्टरमध्ये खाली वेगळा, पाण्यासारखा थर दिसला तर टाकी उपसावी. टाकीला गंजाने भोक पडले असेल तर पेट्रोलची टाकी घेऊन थेट वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नये. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते. ती स्फोटच आहे.

उन्हातला घाट

मे महिन्यात दुपारी खंबाटकी चढताना जुनी गाडी बंद पडली की बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकायचे, ही युक्ती जुन्या ड्रायव्हरांची आणि ती खरीच आहे: नळीत झालेली पेट्रोलची वाफ थंड होऊन परत पेट्रोल होते. पण मॉडिफाय केलेली गाडी रोज फडक्यावर चालवायची नसते. वाफ धरू नये म्हणून परतीची नळी सुरू ठेवावी. नळ्या एक्झॉस्टपासून वळवून न्याव्यात आणि जमत नसेल तिथे उष्णतारोधक नळकांडे चढवावे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये जाड फायबरचा स्पेसर घालावा, पण त्याने बॉनेटला कार्बोरेटर लागत नाही ना ते पाहावे. गरम गाडी दहा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू होत नसेल, तर वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलेले असते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, पंप न करता, स्टार्टर मारावा.

कागद आणि हक्क

पंप, नळ्या आणि फिल्टर यांची नोंद आरसी बुकात नसते. इंजिन नंबर, सीसी आणि इंधन यांची असते. त्यामुळे इंजिन बदलायचे तर काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओत, म्हणजे सांगली (एमएच-१०), सातारा (एमएच-११) किंवा कराड (एमएच-५०) येथे चौकशी करून परवानगी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतील तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि कलम १८२-अ नुसार मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. पीयूसीला जुन्या, भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. दाब जास्त असलेली गाडी आधी इथेच नापास होते, म्हणून पीयूसीचा आकडा ट्यूनिंगलाही कामाला येतो.

पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचा संशय आला, तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. माप कमी वाटले तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवायला सांगता येते. हे मागणे ग्राहकाचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

गॅरेजला काम देताना कोणता पंप, किती दाबाचा, कोणत्या कंपनीची नळी, हे अंदाजपत्रकात लिहून घ्यावे, काढलेले जुने भाग परत मागावेत आणि पक्के बिल घ्यावे. काम सदोष निघाले आणि गॅरेजवाला ऐकत नसेल, तर सातारा आणि सांगली येथील जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.